वडिलांना ४२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. मी तिशीचा, जळगावला असतो. काय तपासू?

भाऊ, आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करा. औषध सुरू नसताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आलं तर दोष आनुवंशिक असू शकतो. मग भावंडं, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासा. हा दोष प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. लिपोप्रोटीन-ए हा रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार, तो पण आयुष्यात एकदा बघाच, नेहमीच्या रिपोर्टात ते नसतं. टाचेमागच्या जाड नसेवर कोलेस्टेरॉल साचून झालेली गाठ लागते का, चाचपून पाहा. माझ्या काकांना होती, आम्ही चपलेचा घट्टा समजत राहिलो.

शेवभाजीवरची तर्री कमी कराच, पण नुसत्या पथ्याने हे आनुवंशिक कोलेस्टेरॉल पुरेसं उतरत नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं तर रोज घ्या, आणि आकडा खाली आला म्हणून मनाने बंद करू नका.