‘समीर’ कोण होता?

“मॅडम, मी जरा जास्तच मनाला लावून घेतोय का?”

हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. वसईच्या एका ख्रिस्ती परिचारिकेनं विचारला, आखातात नोकरी करणाऱ्या एका मराठी हिंदू मुलानं व्हिडिओ कॉलवर विचारला. नोकरीत धर्मावरून वेगळी वागणूक मिळणारी माणसं ‘माझ्यावर अन्याय होतोय’ असं म्हणत क्वचितच येतात. ती येतात स्वतःवरच संशय घेत.

आज ज्याच्याबद्दल लिहितेय, तो मिरजेचा. वय २९, पुण्यात एका खासगी वित्त कंपनीत गृहकर्जाच्या विभागात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्याचं नाव देत नाही, आणि आम्ही समुपदेशक एरवी देतो तसं बदललेलं नावही देणार नाही. का ते पुढे येईलच.

त्याला माझ्याकडे पाठवलं त्याच्या डॉक्टरांनी. रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड, रात्री तीनला जाग, सोमवारी सकाळी पोट बिघडलेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. खुर्चीत बसल्यावर आधी त्यानं साहेबांचं कौतुकच केलं. साहेब कामाचे पक्के आहेत, शिकवतात, कुणाचा पगार अडवत नाहीत. मग हळूच म्हणाला, “रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते म्हणाले, ग्राहकाला फोन करताना समीर सांगत जा. समीर दोन्हीकडे चालतं.”

त्यानं मान डोलावली. नवी नोकरी, मिरजेच्या घराचा हप्ता, बहिणीचं शिक्षण. आठ महिने तो फोनवर समीर होता. कागदपत्रं घ्यायला दुसरा मुलगा जायचा, त्यामुळे ग्राहकांना काही कळायचं कारण नव्हतं. एकदा मिरजेला गेल्यावर अम्मीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, तर क्षणभर ती हाक आपल्यालाच आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. एवढं सांगून तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

आणि मी काय केलं? मी विचारलं, “त्यांचा तसा हेतू होता असं वाटतं का तुम्हाला?”

प्रश्न पुस्तकी आहे, वरकरणी निरुपद्रवी. त्यानं लगेच उत्तर दिलं, “नाही, तसा नसेलही.” पुढच्या आठवड्याची वेळ त्यानं रद्द केली. तेव्हा मला उमगलं, की ज्याला स्वतःच्या अनुभवाचीच खात्री वाटेनाशी झाली आहे, त्याला मी साहेबांची वकिली करायला लावली होती. माझं नाव, माझं आडनाव मला या शहरात कधी लपवावं लागलेलं नाही. भाड्याचं घर बघताना आडनाव सांगितल्यावर समोरचा गप्प झालाय, असं माझ्या बाबतीत घडलेलं नाही. म्हणूनच तो प्रश्न मला इतका सहज सुचला. तो परत आला तेव्हा मी आधी माफी मागितली. त्यानंतर तो खरं बोलू लागला.

मी त्याला एक साधी वही करायला सांगितली. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही लिहायचं नाही. वहीत चारच गोष्टी: तारीख-वेळ, उच्चारले गेलेले नेमके शब्द, तिथे कोण होतं, आणि त्यानंतर कामात काय बदललं. ‘का’ हा शब्दच लिहायचा नाही. हेतू दुसऱ्याच्या मनात असतो, तो सिद्ध करत बसलं की माणूस थकतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देतो. घडलेलं मात्र घडलेलंच असतं. स्वतःची मूल्यांकनं, स्वतःला आलेली पत्रं यांच्या प्रती नियमात बसत असतील तर जपून ठेवायच्या. ग्राहकांची माहिती मात्र चुकूनही बाहेर न्यायची नाही, कारण त्याच एका चुकीवरून उलट तुम्हालाच घरी पाठवता येतं.

तीन आठवड्यांनी वहीत सतरा नोंदी होत्या. आम्ही त्या दोन पेन्सिलींनी खुणावल्या. एका रंगात टोमणे. ‘तुझं मराठी किती छान आहे!’ (पिढ्यान्‌पिढ्या मिरजेत राहणाऱ्या माणसाला!) भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी ‘आज कुणाकडून?’ ईदच्या आधी बिर्याणीची फर्माईश. दुसऱ्या रंगात निर्णय. हे तीनच निघाले: बदललेलं नाव, शुक्रवारी दुपारी दीडला म्हणजे ऐन जुम्याच्या नमाजाच्या वेळी सरकवलेली आढावा बैठक, आणि ही नोंद, त्याच्याच शब्दांत: ‘मंगळवार, सकाळी ११. पेठांच्या भागाचा टीम लीडर. सर म्हणाले, आकडे तुझेच चांगले आहेत, पण तिथले लोक कसे असतात तुला माहितीये. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. शेजारी ताई होत्या. दुपारी दुसऱ्याचं नाव जाहीर.’

टोमण्यांनी माणूस आतून झिजतो, मी त्यांना किरकोळ म्हणत नाही. पण त्यांचा निपटारा बऱ्याचदा समोरासमोर होऊ शकतो. बिर्याणीवाला त्याचा मित्रच होता. “त्याला मीच सांगतो,” तो म्हणाला, आणि सांगितलंही. मित्र ओशाळला. निर्णयांचं तसं नसतं. त्यांनी पगार ठरतो, हुद्दा ठरतो. त्यांना लेखी उत्तर मागावं लागतं.

इथे कायद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण खोट्या आशेनंही माणूस खचतो. संविधानाच्या कलम १६ मध्ये धर्मावरून भेदभाव न करण्याची हमी आहे, पण ती सरकारी नोकरीसाठी. खासगी नोकरीत धर्माधारित भेदभावाला थेट मनाई करणारा एकच सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. भारतीय न्याय संहितेतली धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलची कलमं नाकारलेल्या बढतीला लागू पडत नाहीत. ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या १९७१ च्या, अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या कायद्यात गुणवत्ता न पाहता पक्षपात करणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. आपण त्यात बसतो का, हे कामगार वकिलाला लवकर विचारावं, कारण मुदती छोट्या असतात. तो बसत नव्हता.

मग हाती उरलं काय? कंपनीची स्वतःची आचारसंहिता. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत ‘धर्मावरून भेदभाव नाही’ हे वाक्य असतं, आणि रुजू होताना आपण न वाचता त्याखाली सही करतो. शिवाय शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमानुसार २०२२-२३ पासून कामाच्या ठिकाणच्या भेदभावाच्या तक्रारींचा आकडा वार्षिक अहवालात द्यावा लागतो. त्याची कंपनी त्यांपैकी होती. चहाच्या टपरीवर सांगितलेलं दुःख कोणत्याच आकड्यात धरलं जात नाही. लेखी तक्रार धरावी लागते.

हे ऐकून त्याचे अब्बा घाबरले. एसटीत वाहक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. २००९ ची मिरजेची दंगल त्यांनी पाहिलेली. “बेटा, नोकरी सांभाळ, नजरेत येऊ नकोस.” मी त्याला म्हटलं, अब्बांना भित्रे समजू नका, गप्प राहूनच त्यांनी तुम्हा सगळ्यांना सांभाळलं. आणि गप्प राहायचं ठरवलंत तरी तो तुमचा निर्णय, माझ्या नजरेत तुम्ही लहान होणार नाही. हे मी मनापासून म्हणाले होते. तक्रार करायला भरीस पाडणं हे समुपदेशकाचं काम नाही. परिणाम त्याला भोगायचे असतात.

त्यानं पंधरा दिवस घेतले. मग अर्ध्या पानाचा मेल लिहिला. विशेषणं नाहीत, आरोप नाहीत, तीन घटना आणि तीन मागण्या: फोनवर स्वतःचं नाव वापरू द्यावं, बढतीचे निकष लेखी कळवावेत, बैठकीची वेळ बदलावी.

एचआरनं बोलावलं. साहेब म्हणाले, नाव त्यानंच स्वखुशीनं घेतलं. पेठांबद्दल मी असं बोललोच नाही. त्या रात्री त्याचा मला मेसेज आला, “परत तेच. मलाच भास झाला असेल.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी लिहून दिलं. पन्नाशीच्या, साताऱ्याकडच्या, साहेबांबरोबर अकरा वर्षं काम केलेल्या. त्याच्याशी त्यांची विशेष जवळीकही नव्हती. दोनच ओळी: ‘त्या दिवशी मी तिथे होते. साहेब हे शब्द बोलले.’

ती झोप मला अजून आठवते, म्हणजे त्यानं केलेलं तिचं वर्णन. रात्री दहाला पडला तो सकाळी सातलाच उठला. चौकशीचा निकाल तेव्हा लागलेलाही नव्हता. श्वासाचे व्यायाम, दिनक्रम, डॉक्टरांची गोळी, सगळ्याचा थोडाथोडा उपयोग झाला होताच. पण ‘मला भास तर होत नाही ना’ हा किडा त्या दोन ओळींनी काढला. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात केवढं औषध असतं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कुणी इतकं स्पष्ट शिकवलं नव्हतं.

निकाल निम्माच लागला. सर्वांनी अधिकृत नावच वापरावं असं परिपत्रक निघालं. बैठक गुरुवारी गेली. बढती मिळाली नाही. निकष ‘पुढच्या वर्षीपासून’ लेखी होतील असं उत्तर आलं. साहेब वर्षभर त्याच्याशी कामापुरतंच बोलले. दीड वर्षानं त्यानं दुसरी नोकरी धरली, रागाच्या भरात नाही, तर हाती नवं पत्र आल्यावर.

परिपत्रक निघालं त्या आठवड्यात त्याला जुन्या ग्राहकांना फोन करायचे होते. स्वतःच्या नावानं. माझ्यासमोर त्यानं ते वाक्य पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज अडकला. एका ग्राहकानं नाव ऐकून ‘दुसऱ्या कुणाला फोन करायला सांगा’ म्हटलं, हेही त्यानं मला लपवलं नाही. मग सदाशिव पेठेतल्या एका आजींना फोन लागला. त्यांनी विचारलं, “मग ते समीर सोडून गेले का?”

“नाही आजी. समीर मीच होतो. माझं खरं नाव हे आहे.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, “अहो, मग आधीच सांगायचं ना. थांबा, लिहून घेते. कसं लिहायचं ते सांगा नीट.”

त्यानं एकेक अक्षर सांगितलं.