बाळंतपणानंतरचं रडू

अगं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाचच रडू येतंय ना? घाबरू नकोस. बाळंत झाल्यावर हार्मोन्स झपाट्याने उतरतात. बहुतेकींचं दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यापुढेही मन उदासच राहिलं, बाळ झोपूनही तुझा डोळा लागत नसेल, त्याच्याबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर डॉक्टरांना दाखव. मुंबईत केईएम, सायन, नायर हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घे. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं असतात, तेव्हा दूध तोडावं लागेल या भीतीने जायचं टाळू नकोस.

डिंकाचे लाडू, शेकशेगडी होऊ दे खुशाल. पण वन रूम किचनमध्ये बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ नको, आणि त्यांना नाही म्हणायचं काम नवऱ्याचं. रात्रीचं एक पाजणंही काढून ठेवलेल्या दुधावर त्यानेच निभावावं. तुला सलग चार तास झोप मिळणं माझ्या मते लाडवांहून मोठं.

स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले, नसलेले आवाज ऐकू आले, तर लगेच कुणाला तरी सोबत घेऊन हॉस्पिटल गाठ. अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही.