आठ दिवसांची मिशन ट्रिप आणि बी.कॉम. सोडायला निघालेली मुलगी

पत्र (थोडक्यात): आम्ही अहिल्यानगरचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे एमआयडीसीत नोकरीला. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ मुंबईला मिशन ट्रिपला गेला होता, नागपाडा-कामाठीपुरा भागात आठ दिवस. मुलांचे वर्ग, गाणी, पथनाट्य, जेवणाची पाकिटं वाटणं, एका बालवाडीची रंगरंगोटी, असा कार्यक्रम होता. एका मुलाला ताप भरला तेव्हा ही त्याच्या आईबरोबर जे. जे. हॉस्पिटलात दिवसभर होती. परत आल्यापासून एकच धोशा आहे : कॉलेज सोडते, तिथेच पूर्णवेळ सेवेला जाते. पाळकसाहेब म्हणतात हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं आहे, आडवं येऊ नका. तिचा मामा म्हणतो खूळ आहे, दोन महिन्यांत उतरेल, एमबीएचा क्लास लावा. यात खरंच करिअर आहे का? ट्रिपचं सर्टिफिकेट पुढे कुठे चालेल का?

ताई, नमस्कार.

सर्टिफिकेटचं आधी उरकते. प्रवेशासाठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. समाजकार्याच्या मुलाखतीला येणाऱ्या निम्म्या मुलांच्या फायलीत असा एखादा कागद असतोच. मुलाखत घेणारे विचारतात ते वेगळंच : तिथे कोणाशी बोललीस, त्यांनी काय सांगितलं, तुला काय करता आलं नाही. याची उत्तरं तुमच्या मुलीकडे आहेत असं पत्रावरून वाटतं, आणि ती जे. जे.च्या दिवसातच आहेत.

तुम्ही तो दिवस एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण शेवटी असंही लिहिलंय की ‘ती रोज तेच सांगते : केसपेपरची रांग, रेशन कार्डावर पत्ता गावाकडचा, कोणीतरी समाजसेवा विभागात जा म्हणालं, तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत काम केलं.’ आठ दिवसांत गाणी झाली, पथनाट्य झालं, टाळ्याही मिळाल्या असतील. मुलगी सांगते मात्र रांगेबद्दल. मामांना हे जरूर सांगा. खूळ असतं तेव्हा माणूस टाळ्यांच्या आठवणी काढतो, केसपेपरच्या नाही.

त्या ‘बाई’ म्हणजे वैद्यकीय समाजसेवक. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असं त्या पदाचं नाव आहे आणि त्यासाठी समाजकार्याची पदवी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण बसतो का, कोणता कागद कमी आहे, तो कुठून मिळेल, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेल्या १० टक्के खाटांपैकी एखादी मिळेल का, घरी सांभाळायला कोण आहे, हे सगळं त्या पाहतात. तुमच्या मुलीने दिवसभर त्या आईचा हात धरला, त्याचं मोल आहेच. पण काम झालं ते ज्यांना वाट माहीत होती त्यांच्यामुळे, आणि हा फरक तिने स्वतःच टिपलाय.

आता एक गोष्ट सांगते. ती तुमच्याच मंडळीच्या इतिहासातली आहे, त्यामुळे पाळकसाहेबांनाही सांगता येईल. अमेरिकन मराठी मिशन हे नाव नगरच्या ख्रिस्ती घरात नवं नाही. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आलेलं ते मिशन. त्याच मिशनने १९२०च्या दशकात नागपाड्यात, म्हणजे तुमचा तरुण संघ गेला त्याच भागात, ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू केलं. चालवणारे होते क्लिफर्ड मॅन्शार्ट. लंडनच्या टॉयनबी हॉलने आणि शिकागोच्या हल हाउसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत रुळवली, तीच ही : वस्तीला भेट द्यायची नाही, वस्तीत घर करून राहायचं आणि शेजाऱ्यांना काय हवंय ते पाहून काम उभं करायचं. बहुतेक शेजारी मुस्लिम, ज्यू आणि गिरणी-गोदीतले कामगार. वाचनालय, दवाखाना, खेळ असं हळूहळू उभं राहिलं. (नागपाड्यातली पोरं बास्केटबॉल का खेळतात हा प्रश्न मुंबईत बऱ्याच जणांना पडतो. त्याचं मूळही अमेरिकन मिशनऱ्यांच्या या काळात आहे. भारताचे कर्णधार झालेले, अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले.)

बायबलवर श्रद्धा, भरपूर उत्साह, वर्षानुवर्षं वस्तीत मुक्काम, हे सगळं मॅन्शार्ट यांच्याकडे होतं. तरीही त्यांचा निष्कर्ष असा निघाला की चांगल्या मनाची माणसं पुरत नाहीत, शिकलेली माणसं लागतात. सर दोराबजी टाटा ट्रस्टने हे मान्य केलं आणि १९३६ मध्ये नागपाड्याच्या त्या घरातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिले संचालक मॅन्शार्टच. १९४४ मध्ये या संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि पुढे ती देवनारला गेली. म्हणजे आपल्या देशातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण एका मिशनच्या वस्तीतल्या कामातूनच जन्माला आलं. सेवेला जायचं म्हणून शिक्षण सोडणाऱ्या मुलीला याहून योग्य उदाहरण मला सुचत नाही.

कामाठीपुऱ्याचंच आणखी एक घ्या. १९८६ मध्ये तिथे ‘प्रेरणा’ उभी करणाऱ्या प्रीती पाटकर टाटा इन्स्टिट्यूटमधून समाजकार्य शिकलेल्या. आया रात्री धंद्यावर असताना मुलं कुठे झोपणार, या एका प्रश्नातून १९८८ मध्ये त्यांचं रात्रीचं केंद्र सुरू झालं. रात्री मुलांना सुरक्षित झोपायला जागा हवी, हे दिवसा येऊन गाणी शिकवणाऱ्याला दिसत नाही. त्यासाठी तिथे सगळ्या वेळी असावं लागतं.

तर माझं सरळ मत असं : बी.कॉम. सोडायचं नाही. पूर्णवेळ सेवा आत्ता नाही. आणि मामांचा एमबीएचा क्लासही नाही.

बी.कॉम.ला वाया गेलेली वर्षं समजू नका. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, कोणत्याही शाखेची पदवी चालते. शिवाय संस्थांच्या जगात हिशेब कळणारा समाजकार्यकर्ता दुर्मीळ आहे. कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि त्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागतात. प्रस्तावाचं बजेट मांडणारी, युटिलायझेशन सर्टिफिकेटला (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याला) काय लागतं हे कळणारी आणि वस्तीतही जाणारी मुलगी संस्था सहजासहजी सोडत नाहीत. माझ्याकडे येणारे संस्थाचालक तक्रार करतात ती हीच, की मनं आहेत, आकडे जमत नाहीत.

कुठे शिकायचं? शोधायला लांब जायला नको. नगरमध्येच हिवाळे एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे अहमदनगर कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं, सीएसआरडी आहे. तिथे एमएसडब्ल्यू होतं. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत १९५५ पासून ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेलं निर्मला निकेतन. ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत समाजासाठी काही जागा असतात, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारा. टाटा इन्स्टिट्यूटसाठी अलीकडे सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. दोन वर्षांच्या या शिक्षणात आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असतं : रुग्णालय, पोलीस ठाण्यातला महिला-बालकांसाठीचा विशेष कक्ष, बालगृह, वस्ती. आणि दर आठवड्याला आपण काय केलं ते लिहून मार्गदर्शकापुढे ठेवावं लागतं. या लिहिण्याला मुलं कंटाळतात. पण मिशन ट्रिपमध्ये जे नव्हतं ते नेमकं हेच आहे : तुझं कुठे चुकलं हे शांतपणे दाखवणारं माणूस.

पैशाबद्दल लपवाछपवी करत नाही. तुमच्या सातव्या वेतन आयोगाच्या पगाराशी तुलना केलीत तर सुरुवातीला निराश व्हाल. सरकारी योजनांतली पुष्कळ पदं अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. वकिलांना बार कौन्सिल आहे तशी समाजकार्याची देशपातळीवरची वैधानिक परिषद आपल्याकडे नाही, त्यामुळे कमी पगारात बिनशिक्षित माणूस नेमायला कोणाची आडकाठी नसते. परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थांना, आणि चर्चशी जोडलेल्या बऱ्याच संस्था त्यातल्याच, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत बसवावा लागतो. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. त्याचा ताण पगारांवर येतो. त्यातल्या त्यात स्थिर वाटा म्हणजे रुग्णालयं, अवयव प्रत्यारोपण समन्वयक, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक, कंपन्यांचे सामाजिक विभाग. आणखी शिकायची तयारी असेल तर मनोविकार क्षेत्रातलं समाजकार्य. जे. जे.च्या रांगेत रमलेल्या मुलीला मी पहिल्यांदा रुग्णालयाकडेच वळवेन.

आता पाळकसाहेबांचं म्हणणं. पाचारण आहे की नाही हे ठरवणारी मी कोण? पण पाचारण कशाचं, हे विचारायचा हक्क आईला आहे. वचनाची सेवा, म्हणजे धर्मोपदेशाचं काम, करायची असेल तर तीही शिकून करायची गोष्ट आहे. पदवीनंतर बी.डी., म्हणजे सेरामपूरच्या सिनेटची धर्मशास्त्राची पदवी, आणि पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या धर्मशिक्षणाच्या जागा आहेत. ही सेमिनरी १९८३ पर्यंत यवतमाळला होती, जुन्या मंडळींना आठवत असेल. वस्तीतल्या बायामुलांचं काम करायचं असेल तर रस्ता एमएसडब्ल्यूचा. दोन्हींची सरमिसळ करू नये, असं मला ठामपणे वाटतं. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेली बाई मदतीच्या बदल्यात काहीही ऐकून घेते, कशालाही हो म्हणते. तिच्या त्या ‘हो’वर कोणी काही उभारू नये, मग धर्म कोणताही असो, पक्ष कोणताही असो. पगारी समाजकार्यकर्तीला तर ही मुभाच नसते. मुलीला हे आधीच कळलेलं बरं. काहींना ते जमतं आणि श्रद्धा कामातून दिसू देतात. काहींची घुसमट होते, त्यांनी सेमिनरीची वाट धरलेली चांगली.

पाळकसाहेबांना व्यवहाराचंही विचारा. संकोच करू नका. पूर्णवेळ सेवा म्हणजे नियुक्तीपत्र कोण देणार? मानधन किती, पीएफ आहे का? मुंबईत राहायचं कुठे, आजारी पडली तर कोण बघणार? वीस वर्षांच्या मुलीला त्या भागात कामावर देखरेख करणारी अनुभवी बाई कोण? याची उत्तरं कागदावर मिळाली नाहीत तर तो फक्त उत्साह आहे, नेमणूक नव्हे. उत्तरं मिळाली तर पदवीनंतर एक वर्ष तिथे जायला माझी हरकत नाही. त्याने एमएसडब्ल्यूच्या अर्जाला वजनच येईल.

मधल्या काळात काय? रिकामं बसवलंत तर मामा म्हणतात तसं उतरेलही. ज्या कामासाठी ती अडीचशे किलोमीटरवर जाऊन आली ते काम नगरमध्ये १९८९ पासून चालू आहे. स्नेहालयची सुरुवातच देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी झाली. तिथे किंवा तशाच एखाद्या ठिकाणी तिने आठवड्यातून एक दिवस जावं. दिवस ठरलेला, काम तेच : मुलांचा गणिताचा अभ्यास घेणं, कागदपत्रांच्या फायली लावणं, जे सांगतील ते. परीक्षेच्या आठवड्यातही कळवून सुट्टी घ्यावी, गायब होऊ नये. या मुलांनी येऊन-जाऊन असणारे ताई-दादा भरपूर पाहिलेले असतात. लळा लावून आठव्या दिवशी निघून जाणाऱ्यांमागे रडणाऱ्या मुलांना समजवायचं काम तिथल्या नेहमीच्या बायांवर पडतं, आणि त्या पाहुण्यांना हे सांगत नाहीत, कारण पाहुण्यांबरोबर धान्यही येतं. तुमच्या तरुण संघाने पुन्हा जायचं ठरवलं तर पथनाट्य बसवण्याआधी तिथल्या लोकांना फोन करून विचारावं की तुम्हाला काय हवंय. बालवाडीचा रंग कदाचित यादीत नसेल. शाळेच्या दाखल्यासाठी खेपा घालणारं माणूस असेल.

दिवाळीपर्यंत हे नियमित चाललं तर तिला एमएसडब्ल्यूच्या तयारीला लावा आणि मामांना सांगून टाका. मध्येच सुटलं तरी काही बिघडलं नाही. बी.कॉम. हातात आहेच, आणि मग एमबीएचा विषय मामा काढतीलच.

हे उत्तर तिला वाचू द्या. तिचे स्वतःचे प्रश्न असतील तर तिनेच लिहावं, तुमच्यामार्फत नको.

ता. क. : तुम्ही लिहिलंय की ट्रिपचे फोटो आणि मुलांबरोबरचे रील्स तिने इन्स्टाग्रामवर टाकलेत आणि ‘खूप लाइक्स आले’. ते आजच काढायला सांगा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, कामाठीपुऱ्यातली मुलं शाळेत आपला पत्ता सांगत नाहीत, आणि रीलवर लोकेशन टाकलेलं असतं. तरुण संघाच्या बाकीच्या मुलांनाही तिनेच फोन करून सांगावं.