मानवी शरीराचा अभ्यास पाठ होतो, पण लक्षात राहत नाही. सुरुवात कुठून करू?

बीएस्सी नर्सिंगला जायचंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं आणि बायोलॉजीतलं मानवी शरीर पाठ केलं तरी आठ दिवसांत विसरते, असं तू लिहिलंयस. (तुला ‘तू’ म्हणते, कारण माझ्या वर्गातल्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत.) मी लातूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझं ऐकशील तर धड्यांच्या क्रमाने जाऊ नकोस. मूत्रपिंडापासून सुरू कर.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, तेव्हा आमच्याकडे धुण्याचं पाणीसुद्धा साठवून संडासात वापरायचे. शरीर त्याहून काटकसरी आहे. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला पातळ भाग, असतो जेमतेम 3 लिटर, म्हणजे तोच दिवसातून 60 वेळा गाळला जातो! आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं परत रक्तात.

परतच घ्यायचं होतं तर गाळलं कशाला? नवरात्राआधी आपण दसरा काढतो तेव्हा घरातली प्रत्येक वस्तू अंगणात येते आणि कामाची तेवढीच आत जाते. नेफ्रॉनचं, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळणीचं, तसंच आहे. आधी पाणी, मीठ, साखर, युरिया (शरीरात तयार होणारा टाकाऊ पदार्थ) सगळं बाहेर काढायचं, मग साखर सगळी आणि पाणी, मीठ हवं तेवढं परत घ्यायचं. युरिया बराचसा बाहेरच राहतो. रक्तातली साखर 100 मिलिलिटरमागे साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मात्र ती पूर्ण परत घेणं जमेनासं होतं. उरलेली साखर लघवीत जाताना पाणीही ओढून नेते. मधुमेह्याला सारखी तहान का लागते, ते इथे कळतं.

आता मे महिन्यात दिवसभर शेतात राबलेल्या बाईचा विचार कर. घामाने पाणी गेलं, रक्तात मिठाचं प्रमाण वाढलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं, पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे पाणी राखायला सांगणारं संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि मूत्रपिंड आणखी पाणी राखून ठेवतं. लघवी थोडी, गडद पिवळी आणि जळजळणारी. आजी म्हणते, उन्हाळी लागली. (ताप असेल तर ते दुखणं वेगळं, दवाखाना गाठायचा.) आजीच्या त्या एका शब्दात मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी आणि उत्सर्जन असे तीन धडे आहेत. हे आधी स्वतःच्या मराठीत लिहून काढ, इंग्रजी नावं नंतर त्याच वाक्यांत बसव. माझ्या मुलींना तरी असंच जमलंय.

हृदयही इथूनच गाठता येतं. गाळायला दाब लागतो आणि तो हृदय देतं. बीपी पडलं की गाळणं मंदावतं. म्हणून अत्यवस्थ रुग्णाची लघवी नर्स तासातासाला मोजून लिहिते. 50 किलोच्या माणसाची तासाला 25 मिलिलिटरच्या खाली जायला लागली की डॉक्टरांना लगेच कळवायचं.