आसवं, ‘दोक्रू’ आणि आराकोटचा जीपवाला

प्रश्न : मे महिन्यात हर की दूनच्या ट्रेकला गेलो होतो. डेहराडूनहून सांकरीला नेणारा जीपवाला आराकोटकडचा होता. घरच्यांशी फोनवर तो जे बोलत होता ते हिंदी नव्हतं, गढवालीही वाटेना. विचारल्यावर म्हणाला, ‘बंगाणी’. वर हेही सांगितलं की एका जर्मन प्रोफेसरने शोध लावलाय, आमची भाषा ग्रीकांच्या नात्यातली आहे. खरं की थाप? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थाप नाही, पण ऐकीव गोष्ट वाटेत बरीच फुगली आहे. ‘बंगाणी’ची बंगालीशी गल्लत नको. उत्तरकाशी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, टोन्स आणि पब्बर या नद्यांच्या मधल्या डोंगराळ मुलखाला बंगाण म्हणतात. पलीकडे लगेच हिमाचल लागतो. सफरचंदांच्या बागा आणि महासू देवाची भक्ती, दोन्ही तिथे भरपूर. महासू हे चार भाऊ. त्यातला एक सतत गावोगाव फिरतो, म्हणून तो ‘चालदा’ महासू. चालदा म्हणजे आपला ‘चालता’च. संस्कृतातल्या ‘चलन्त’मधल्या ‘न्त’चा तिकडे ‘द’ झाला, आपल्याकडे ‘त’ राहिला. म्हणजे ग्रीकांपर्यंत जायच्या आधी तुमच्या जीपवाल्याचं डोंबिवलीशी नातं लागतं. ही सगळी भावकी पश्चिम पहाडी गटातली: जौनसारी, सिरमौरी, कुल्लुई वगैरे.

आता ग्रीक. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्या एकाच, इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा. त्यांच्या मूळ पूर्वजात एक विशिष्ट ‘क’ होता. आपल्या बाजूला त्याचा श-स झाला, ग्रीक-लॅटिनच्या बाजूला तो ‘क’च राहिला. शंभराला ग्रीकमध्ये ‘हेकातोन’, लॅटिनमध्ये ‘केंतुम्’, संस्कृतात ‘शतम्’. आपल्या दोनशे-तीनशेतला ‘शे’ त्यातलाच. 1988 साली क्लाउस पीटर झोलर यांनी (जीपवाल्याचे जर्मन प्रोफेसर ते हेच) लिहिलं की बंगाणीत काही जुने शब्द असे आहेत ज्यांत तो ‘क’ शाबूत आहे. अश्रूंसाठी ‘दोक्रू’सारखा शब्द त्यांनी नोंदवला. ग्रीकमध्ये अश्रूला ‘दाक्रु’ म्हणतात. आपल्याकडे ‘अश्रु’ची आसवं झाली, त्यांत ‘क’चा मागमूस नाही. तेव्हा खळबळ उडणारच!

दावा नीट समजून घ्या. बंगाणी ग्रीकमधून आली असं झोलर म्हणाले नव्हते. इथे कधीकाळी वेगळी एखादी भाषा असावी आणि तिचे थोडे शब्द तळाशी उरले असावेत, एवढंच. सिकंदराचा याच्याशी काही संबंध नाही, हे जीपवाल्याला जरूर सांगा. आणि कल्पना अगदीच हवेतली नव्हती. चीनच्या शिनजियांगमध्ये सापडलेल्या हस्तलिखितांतली तोखारी भाषा 1908 साली ओळखली गेली, तीही ‘क’वाली निघाली. शंभराला तिच्यात ‘कांते’ म्हणतात.

पुढे वाद पेटला. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज व्हॅन ड्रीम आणि आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले सुहनूराम शर्मा यांनी बंगाणात जाऊन तपास केला आणि 1996 साली लिहिलं की असे शब्द काही सापडत नाहीत. मग दिल्लीच्या जेएनयूमधल्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी गेल्या, आणि त्यांना त्यातले बरेच शब्द मिळाले. एकाच खोऱ्यात जाऊन तज्ज्ञ उलटसुलट उत्तरं घेऊन येतात, हे कसं?

मला यात नवल वाटत नाही. नोकरीत असताना मी सिंधुदुर्गात शब्द गोळा करायला जायची. एका आजींच्या पडवीत विळी होती. मी मुद्दाम मनाने रचलेला एक शब्द पुढे केला, “आजी, याला ‘खिरपण’ म्हणतात ना?” आजी हसून म्हणाल्या, “व्हय तर, म्हणतत.” आतून सूनबाई ओरडली, “आये, आडाळो ना तो?” आजी शांतपणे म्हणाल्या, “ती बाय इतक्या लांबसून इली, तिका नाय कशी म्हणू?” त्या संध्याकाळी मी वहीची आधीची अकरा पानं रद्द केली. उलटही होतं: अनोळखी माणसाने थेट शब्द विचारला की म्हातारी माणसं ‘असलं काही नाही’ म्हणून मोकळी होतात, कारण तो शब्द त्यांना गावंढळ वाटतो.

माझा कौल विचाराल तर: मूठभर शब्दांवर एक हरवलेली भाषा उभी करायला मी धजणार नाही. त्यांतल्या काहींना साधी पहाडी व्युत्पत्ती लागू शकते. पण अब्बींच्या नोंदी वाचल्यावर ‘सगळं खोटं’ असंही म्हणवत नाही. मला खटकतं ते वेगळंच. ज्या भाषेत जीपवाला आईशी बोलतो, तिचा रुबाब त्याला ग्रीकांच्या जोरावर सांगावा लागतो. एरवी ती हिंदीची नाहीतर गढवालीची एक बोली म्हणून बाजूला टाकली जाते. ‘चालदा’ कुणाला दाखवावासा वाटत नाही.

त्याचा नंबर ठेवला असेल तर एक काम करा. ‘दोक्रू म्हणता का’ असं विचारू नका; तो हो म्हणेल, भला माणूस दिसतोय. कांदा चिरताना आजीच्या डोळ्यांतून काय येतं, ते तिलाच विचारून सांग म्हणावं. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं मला कळवा.