साताऱ्याची थंडी टाळायला आई-वडिलांना डिसेंबर ते फेब्रुवारी वेंगुर्ल्यात ठेवलं तर गुडघेदुखी कमी होईल का? समुद्रासमोरचं घर किती भाड्यात मिळेल?

समुद्रासमोरचं घर घेऊच नका. भाड्याचं नंतर बघू.

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या आमच्या कट्ट्यावर हा वाद दर दिवाळीनंतर निघतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. दोन दिवसांच्या सहलीला समुद्रासमोरची खोली झकास. तीन महिने राहायचं तर हिशेब वेगळा. दुपारच्या आत खारे वारे सुटतात ते दिवस मावळेपर्यंत. त्यातलं मीठ खिडकीच्या गजांवर, कडी-कोयंड्यावर आणि वाळत घातलेल्या चादरींवर बसतं. मीठ ओल धरतं, त्यामुळे रात्री अंथरूण सर्द लागतं. गुडघे धरलेल्या माणसाला त्यापेक्षा आपली कोरडी थंडी परवडली. स्कूटर नेलीत तर तिचे नटबोल्ट महिन्यात तांबूस होतात. आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, चेन असेल तर तिला तेल द्या.

घर बाजारपेठेच्या अंगाला, किनाऱ्यापासून पाऊण-एक किलोमीटर आत बघा. जुन्या कौलारू घरात पायऱ्या उंच असतात आणि संडास बरेचदा मागच्या अंगणात. कमोड आणि धरायला दांडा नसेल तर पुढचं घर बघा. विहिरीचं पाणी पिऊन बघा. खाडीजवळ ते मचूळ लागतं आणि असल्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही.

"पण रोज वाळूवर फिरायला मिळतं ना!" हा कट्ट्यावरचा दुसरा मुद्दा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, गुडघा पिरगळतो. चालायची ती ओहोटीनंतरची ओली, घट्ट पट्टी आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे सकाळी फिरायची पट्टी पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराला येते, त्यामुळे सकाळी सहाच्या सुमाराला किनारा मोकळा. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस तुम्ही गावातल्या रस्त्यानेच चालणार. मग समुद्रासमोरच्या खोलीचे जादा पैसे कशाला मोजायचे?

भाडं घरागणिक बदलतं, पण ठरवताना एक गोष्ट आधी बोला. साधारण 20 डिसेंबर ते 5 जानेवारी पर्यटकांची झुंबड असते आणि मालकाला त्याच खोलीचे रोजाच्या दराने कितीतरी जास्त मिळतात. मधेच "दहा दिवस खोली सोडा" ऐकायचं नसेल तर पूर्ण तीन महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून नोंदवून घ्या. भाडं महिन्याचं, विजेचं बिल मीटरप्रमाणे, हे त्यात लिहा.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. ज्वारी इथूनच न्या, पण पीठ नको. त्या हवेत पिठाला वास येतो. दोघांना तीन महिन्यांना 35-40 किलो ज्वारी पुरते. तिकडच्या गिरणीत सारखा तांदूळ पडतो, ज्वारी दळून देतात का ते आधी विचारून ठेवा. कांदा-लसूण मसाला काचेच्या बरणीत, वर हिंगाचा खडा टाकून फ्रिजमध्ये. बाहेर ठेवला की दगड होतो.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन निघा. साताऱ्याचं घर बंद करताना न्हाणीघराच्या आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल ओता. नाहीतर जाळीखालच्या ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी सुकतं आणि परत आल्यावर घरभर गटाराचा वास नि झुरळं.

गुडघ्यांचं म्हणाल तर जानेवारीत साताऱ्यात पहाटे पारा 11-12 पर्यंत उतरतो, वेंगुर्ल्यात साधारण 17-18 च्या आसपास राहतो. सकाळचा आखडलेपणा कमी होईल, झीज भरून येणार नाही. दमा असेल तर मात्र सरळ तीन महिन्यांचा करार करू नका. दमट हवा काहींना मानवते, काहींना अजिबात नाही. आधी आठ दिवस राहून बघा. हृदयाचा त्रास असेल तर घर ठरवण्याआधी अंतर मोजा, कारण गंभीर रुग्णाला तिकडून बरेचदा ओरोसच्या किंवा थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवावं लागतं. फाईल आणि महिन्याची जादा औषधं हाताशी ठेवा.