शेअरिंगमध्ये घर घेताय? आधी करार कोणाशी होतोय ते बघा

परदेशात भाड्याने शेअरिंगचं घर बघायला गेलं की आपण रूम केवढी, स्टेशन किती लांब, भाडं किती एवढंच विचारतो आणि ते विचारायलाच पाहिजे, पण त्याच्याही आधी हे विचारा की तुमचा करार नक्की कोणाशी होणार आहे. मालक स्वतः त्याच घरात राहून एक खोली देतोय, की आधीच्या भाडेकरूने तुम्हाला पोटभाडेकरू म्हणून ठेवलंय, की तुम्ही सगळे मिळून एकाच करारावर सह्या करताय? वरून तिन्ही सारखंच दिसतं, किचन कॉमन, बाथरूम कॉमन, पण उद्या वाद झाला तर तिन्हीत तुमचे हक्क एकदम वेगळे असतात.

मालकासोबत राहायचं असेल तर बरेच भाडेकरू कायदे तुम्हाला लागूच होत नाहीत. कॅनडात ऑन्टारियोमध्ये मालकाबरोबर किचन किंवा बाथरूम शेअर करावं लागत असेल तर तिथला भाडेकरू कायदा तुमच्यासाठी नाहीच. इंग्लंडमध्ये एरवी मालकाला डिपॉझिट 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, पण मालकाच्याच घरात राहणाऱ्याला ते संरक्षण मिळत नाही. म्हणून अशा घरात डिपॉझिट कमीत कमी ठेवा आणि सोडताना किती दिवसांची नोटीस, पैसे कधी परत, हे लिहूनच घ्या.

पोटभाड्याचा मामला सगळ्यात नाजूक. मालकाची लेखी परवानगी आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण परवानगी नसेल तर तो मूळ भाडेकरू जाईलच पण त्याच्याबरोबर तुम्हालाही मुलाबाळांसकट घर सोडावं लागू शकतं. इथे आपण हमखास गडबड करतो, समोरचा मराठी निघाला, दोन ओळखी जुळल्या की "अहो आपल्याच माणसाकडे कागद कशाला मागायचा" असं होतं. मला हे मनापासून सांगायचंय की आपल्या माणसाकडे तर आधी मागा, निदान पैशांवरून संबंध तरी बिघडणार नाहीत.

आणि एकाच करारावर सगळ्यांच्या सह्या असतील तर बहुतेक ठिकाणी जबाबदारी एकत्र असते, म्हणजे एकजण नोकरी गेली म्हणून निघून गेला तर त्याचं भाडं मालक उरलेल्यांकडून मागू शकतो. ज्याच्याबरोबर सही करताय त्याचं काम पक्कं आहे का, तो किती महिने राहणार आहे, हे विचारायला अजिबात लाजू नका.

कुटुंब असेल तर पत्त्याचा पुरावा मिळणार का हे बघाच. बँक खातं, मुलांची शाळा, डॉक्टर, सगळीकडे तो लागतो. जर्मनीत तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं, "इथे नोंदणी होणार नाही" असं आधीच सांगणारं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. तसंच आईबाबा दोन-चार महिने राहायला येणार असतील तर ते आत्ताच बोलून घ्या, पाहुणे किती दिवस चालतील आणि घरात जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात याला नियम असतात, आणि तिकिटं काढल्यावर ते कळलं तर फार त्रास होतो.

घर बघताना शॉवर आणि किचनचा नळ एकाच वेळी चालू करून बघा, खिडकीखालचा कोपरा आणि कपाटाची मागची भिंत हाताने चाचपा, ओलसर लागली किंवा काळे ठिपके दिसले तर तिथे बुरशी असू शकते, लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर तिथे नकोच. स्मोक अलार्मचं टेस्ट बटण दाबा. गॅस बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते विचारा, तो वायू दिसत नाही, वासही येत नाही.

घर न बघता पैसे पाठवू नका. मालक म्हणतो मी दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट टाका, चावी कुरियरने येईल, तर हा नेहमीचा फसवणुकीचा प्रकार आहे. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या कोणाला तरी पाठवा.

चावी मिळाली की सामान लावायच्या आधी सगळ्या घराचा व्हिडिओ काढा, कार्पेटचे डाग, गादीची खालची बाजू, फ्रिजचे तुटलेले कप्पे, मीटरचं रीडिंग सगळं, आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करून टाका म्हणजे तारीख आपोआप राहते. विजेचं आणि हीटिंगचं बिल माणशी वाटायचं की खोलीमागे हे पण त्याच आठवड्यात ठरवा, कारण तुम्ही चौघं आणि शेजारच्या खोलीत एकटा माणूस असेल तर पहिल्या थंडीतच हा विषय निघतो.